एककोशिक जीव

ज्यांचे संपूर्ण शरीर एकाच कोशिकेचे (पेशीचे) बनलेले असते आणि पोषण, श्वसन, उत्सर्जन, प्रजोत्पादन इ. सर्व कार्ये त्या एकाच कोशिकेत चालतात, अशा जीवांना ही संज्ञा लावतात. उदा., अमीबा, पॅरामिशियम, जीवाणू. बहुतेक एककोशिक जीव नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. मात्र त्यांची अमाप वाढ झाली म्हणजे पाण्याचा रंगच पालटतो.

त्यांच्या शोधाचा प्रारंभही अशाच रंगामुळे झाला. डेल्फ्ट (नेदर्लंड्स) येथील कापडाचे व्यापारी आंतॉन व्हान लेव्हेनहूक यांनी १६७४ मध्ये जवळच्या एका सरोवराचे उन्हाळ्यात हिरवट होणारे पाणी स्वतः घडविलेल्या भिंगातून पाहिले. तो रंग दवामुळे येतो, अशी तेथील लोकांची समजूत होती. लेव्हेनहूक यांना पाण्यात हिरवे तंतू व त्यांमधून फिरणारे सूक्ष्म जीव आढळले. लंडनच्या रॉयल सोसायटीचा यावर सहजासहजी विश्वास बसला नाही; रॉबर्ट हुक यांनी १६७७ मध्ये प्रयोग करून दाखविल्यावर शंका फिटली. तथापि या जीवांना अनेक जठरे असतात, असे एरेनबेर्ख यांनी १८३८ च्या आपल्या भव्य ग्रंथातही मांडले. द्यूझार्दँ यांनी १८३५ पासूनच त्यास विरोध केला होता व तोच योग्य ठरला. आदिजीव एककोशिक असल्याचे झीबोल्ट यांनी १८४५ मध्ये प्रतिपादिले.

वऱ्हाडातील लोणार (जि. बुलढाणा) येथील खाऱ्या, क्षारीय सरोवराचे एरवी हिरवट दिसणारे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हाही नाना तर्क निघाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हा रंग लवणप्रिय आर्किया या एककोशिक जीवांतील रंगद्रव्याचा असल्याचे आढळले. पाणी आटून लवणता वाढल्याने ते बहरले होते. नमुन्यांतील जीव तळाशी बसताच वरचे पाणी नितळ झाले.