बागेची नळी घेण्यापूर्वी टाकीची उंची मोजा

उन्हाळ्याची चाहूल लागली की नारायणगुडा, हिमायतनगर, बरकतपुरा या परिसरातील गच्च्यांवर आणि उरल्यासुरल्या अंगणांत पाण्याची नवी नळी येते. पारा चाळिशीपार गेल्यावर मोगरा, तुळस, कढीपत्ता जगवायचा तर दोन वेळा पाणी घालावेच लागते. दुकानदार ‘किती फूट?’ एवढेच विचारतो. आपणही लांबी आणि रंग पाहून नळी घेतो. महिनाभरात ती दुमडू लागते, धार मंदावते किंवा तोटीवरून नळी निसटते. अशा वेळी दोष बहुधा नळीचा नसतो. घरातील पाण्याच्या दाबाला ती साजेशी नसते.

दाबाचे गणित सोपे आहे. पाण्याची पातळी तोटीपेक्षा १० मीटर उंच असेल, तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलो दाब मिळतो. तिसऱ्या मजल्यावरील गच्चीतील टाकीचे पाणी अंगणात उतरते तेव्हा साधारण एवढा दाब असतो. मात्र त्याच गच्चीवरील कुंड्यांपेक्षा टाकी दोनच मीटर उंच असेल, तर दाब जेमतेम ०.२ किलो भरतो. एवढ्या दाबावर तुषार उडवणारे नोझल व्यर्थ ठरते.

कमी दाबाला उपाय एकच, नळी रुंद घेणे. अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंची नळी घेतल्यास, दाब आणि लांबी तीच असताना, जवळजवळ अडीच ते तीनपट पाणी मिळते. उलट, लांबी दुप्पट केल्यास प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने घटतो. म्हणून टाकीच्या तोटीपासून सर्वांत दूरच्या कुंडीपर्यंतचे अंतर मोजावे, त्यात एक-दोन मीटर भर घालावी आणि तेवढीच नळी घ्यावी. दाब वाढवणारा पंप बसवलेल्या घरात अर्धा इंच पुरतो.

आता प्रकार. साधी एकपदरी पीव्हीसी नळी स्वस्त खरी. पण ती उन्हात मऊ पडते आणि वळणावर दुमडते. दोन थरांमध्ये धाग्याची जाळी असलेली ब्रेडेड नळी दाबही सोसते आणि आकारही टिकवते. रबरी नळी अधिक टिकाऊ, पण जड. ती उचलून जिने चढणे ज्येष्ठांना अवघड जाते. पारदर्शक नळीत उजेड शिरल्याने शेवाळ धरते, म्हणून गडद, अपारदर्शक नळी बरी. राणीगंजसारख्या बाजारात नळी मीटरवर कापून मिळते. घेताना ती हातात वळवून पाहावी. दुमडून चपटी झाली तर परत करावी. तोटीवर ती तारेने बांधण्याऐवजी स्क्रूची क्लिप लावावी.

याहून महत्त्वाचा प्रश्न नळी कोठे जोडायची, हा आहे. शहराच्या अनेक भागांत जलमंडळाचे पाणी ठरावीक वेळीच येते. पुरवठा थांबला की जलवाहिनी रिकामी होऊ लागते आणि आत ओढ निर्माण होते. त्या वेळी मुख्य नळाला जोडलेल्या नळीचे टोक बादलीत किंवा हौदात बुडालेले असेल, तर तेथील खतमिश्रित पाणी उलट वाहिनीत शिरू शकते आणि पुढच्या पाळीत शेजाऱ्याच्या पिण्याच्या नळाला येऊ शकते. म्हणून बागेची नळी नेहमी टाकीच्या तोटीलाच जोडावी. मुख्य नळाला जोडणे भागच असेल, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा, टोक पाण्यात बुडू देऊ नये आणि काम संपताच नळी काढून ठेवावी. धार वाढावी म्हणून नळाला थेट मोटार लावणे तर नियमबाह्यच आहे. २०२५ मध्ये जलमंडळाने त्याविरुद्ध मोहीमही उघडली होती.

उन्हात पडलेल्या नळीतील पाणी चांगलेच तापते. सुरुवातीचे ते पाणी बादलीत धरून निवू द्यावे, मगच झाडांना घालावे. खाद्योपयोगी असा उल्लेख नसलेल्या नळीने पिण्याचे पाणी भरू नये. शहराचा बराचसा पुरवठा शंभराहून अधिक किलोमीटरवरून, कृष्णा आणि गोदावरी या नद्यांतून, उपसून आणला जातो. तेव्हा नळीच्या टोकाला बंद-चालू करता येईल अशी लहान तोटी अवश्य बसवावी. एका कुंडीकडून दुसरीकडे जाताना वाया जाणारे पाणी तेवढ्यानेच वाचते.