कपाशीचे वाण : सरासरी बघायची की स्थिरता?

१९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांचा एच-४ हा कपाशीचा जगातला पहिला व्यापारी संकरित वाण आला. संकरित वाण जास्त पिकतो हे खरं, पण सगळीकडे सारखाच पिकतो का?

समजा, दोन वाण तीन रानांत लावले : ओलिताचं, मध्यम कोरडवाहू आणि हलकं बरड. एकरी क्विंटल असे आले :

वाण अ : १२, ८, ४
वाण ब : ९, ८, ७

दोघांची सरासरी ८च! मग फरक कुठे? 'अ' पाणी मिळालं की उसळतो, ओल तुटली की कोसळतो. 'ब' फार उसळत नाही, पण दगाही देत नाही. यालाच उत्पादनाची स्थिरता म्हणतात. एबरहार्ट आणि रसेल यांनी १९६६ मध्ये ती मोजायची रीत दिली : परिस्थिती सुधारली की वाण किती प्रतिसाद देतो आणि त्या अंदाजापासून किती भरकटतो, हे बघायचं.

विहिरीला पाणी असेल त्याने 'अ' जरूर लावावा. पण विदर्भातली बहुतेक कपाशी पावसावरच. कर्ज काढून बियाणं आणणाऱ्याला हलक्या रानातले ७ क्विंटलच तारतात. म्हणून बियाणं घेताना 'किती पिकतं?' एवढंच नको, 'माझ्यासारख्या रानात, कमी पावसात किती?' हेही विचारा.