चाळीस टन, जागच्या जागी

भोसरीच्या एमआयडीसीत सकाळी एखादा छोटा हत्ती टेम्पो शिरतो. मागचं फळकं उघडं, त्यातून हात-दोन हात चकचकीत दांडा बाहेर आलेला आणि त्याच्या टोकाला लाल चिंधी बांधलेली. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पाइप चाललाय. तो असतो पोकलेनच्या बूमचा, म्हणजे मोठ्या हाताचा, सिलिंडर. रॉड अर्ध्यात बाहेर येऊन अडकलाय, म्हणून ती चिंधी. रॉड आत गेला असता तर चिंधी लागली नसती आणि टेम्पोही लागला नसता.

जेसीबीची खुदाई बघायला आपल्याकडे किती गर्दी जमते, हे सांगायला नको. २०१९ मध्ये त्यावरून देशभर विनोदांची लाट आली होती. निवडणुकीत तर जेसीबीच्या बकेटमधून उमेदवारावर गुलाल आणि फुलं पडतात. पण तेच मशीन हात वर करून जागच्या जागी थिजलं की आजूबाजूला तिघेच उरतात : ऑपरेटर, हेल्पर आणि फोनवरचा मालक. चौथा जो येतो, त्याच्याबद्दल हा लेख.

आधी नावांचं बघू. ‘पोकलेन’ हे मूळचं पोक्लां, फ्रान्समधली एक कंपनी. तिची यंत्रं लार्सन अँड टुब्रोने सत्तरच्या दशकात भारतात बनवायला घेतली. कंपनी मागे पडली, नाव मात्र आपल्या जिभेवर पोकलेन, पोकलँड, पोकलंड असं होत कायमचं बसलं. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफोर्ड. या इंग्रज गृहस्थाने १९४५ मध्ये एका भाड्याच्या गॅरेजात धंदा सुरू केला. आज त्याच्या कंपनीचा कारखाना तळेगावला आहे, तर ह्युंदाई आणि सॅनी चाकणला आहेत. म्हणजे यंत्रं पुण्याच्या उंबऱ्यावर जन्मतात आणि म्हातारी होऊन भोसरी-वाघोलीच्या शेडांत परत येतात.

सिलिंडर म्हणजे एक नळकांडं (बॅरल), त्यात सरकणारा पिस्टन आणि पिस्टनला जोडलेला रॉड. २० टनी पोकलेनच्या बूमला १२० मिलिमीटर बोअर, म्हणजे आतला व्यास, हे सर्रास माप आहे. या मशीनमध्ये तेलाचा दाब ३५० बारपर्यंत जातो. पिस्टनचं क्षेत्रफळ ११३ चौरस सेंटीमीटर धरून गुणाकार केला की एकट्या सिलिंडरचा जोर निघतो सुमारे ४० टन. बूमला असे दोन असतात. तत्त्व पास्कलचं, सतराव्या शतकातलं. पण ते हाताशी यायला १७९५ उजाडलं. लंडनच्या जोसेफ ब्रामाने दाबयंत्राचं पेटंट घेतलं ते त्या वर्षी, आणि त्याला छळलं ते गळतीने. पिस्टनभोवती पॅकिंग सैल गुंडाळलं तर पाणी निसटायचं, घट्ट आवळलं तर पिस्टनच हलायचा नाही. त्यावर त्याच्याकडच्या हेन्री मॉडस्ले या तरुण कारागिराने कातड्याची वाटी सुचवली, असं मानलं जातं. दाब वाढला की वाटीचे ओठ आपोआप फाकून भिंतीला चिकटायचे, दाब उतरला की सैल व्हायचे. आजच्या पॉलियुरेथेनच्या यू-सीलमध्येही ओठांची तीच करामत आहे. दोनशे वर्षांत कातडं गेलं, ओठ राहिले.

आता चौथा माणूस. चांगला सिलिंडर मिस्त्री आल्या आल्या पाना उचलत नाही. तो चौकशी करतो. एकदम अडकला की हळूहळू जड होत गेला? वर जाताना अडतो की खाली येताना? तेल कधी बदललं होतं? मशीन पावसात उभं होतं का? शेवटी हळूच विचारतो, आमच्याआधी कुणी हात लावलाय का? या शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर क्वचित मिळतं.

ही चौकशी वेळकाढूपणा नव्हे. ‘सिलिंडर जाम’ म्हणून येणाऱ्या तक्रारींमध्ये सिलिंडर निर्दोष असणंही शक्य असतं. तेल नेणाऱ्या होजच्या आतलं रबर सुटून त्याची जीभ तयार होते. तेल एका दिशेने जातं, परतताना ती जीभ तोंडावर बसते. किंवा बूम खाली कोसळू नये म्हणून बसवलेला होल्डिंग व्हॉल्व्ह उघडतच नाही. रॉड दोन्ही वेळा सारखाच अडतो. अशा वेळी सिलिंडर खोलणारा माणूस फक्त नवी सीलं फुकट घालवतो.

तेलाला परतीची वाट मिळाली नाही तर पुढचं गणित भयंकर आहे, आणि ते ऑपरेटरला क्वचितच कुणी सांगितलेलं असतं. पिस्टनच्या एका बाजूला पूर्ण ११३ चौरस सेंटीमीटर. दुसऱ्या बाजूला ८५ मिलिमीटरच्या रॉडने जागा खाल्लेली, म्हणून उरतात साधारण ५६. मागून ३५० बारने ढकललं आणि पुढची वाट बंद असली, तर पुढच्या बाजूच्या तेलात दाब चढतो ७०० बारवर. पंप इतका दाब देतच नाही, तो सिलिंडर स्वतःच तयार करतो. मग ग्लँडच्या, म्हणजे रॉड जिथून बाहेर पडतो त्या झाकणाच्या, मागे बॅरल केसभर फुगतं, सील त्या जागी बाहेर पिळून निघतं आणि पिस्टन तिरपा होऊन भिंत ओरबाडतो. म्हणजे मूळ दुखणं होजमध्ये होतं, आणि ‘जोर लाव, सुटेल’ म्हणत लिव्हर ओढून धरल्यामुळे आता सिलिंडरही गेला.

सिलिंडर अडकण्याची बाकीची कारणं पुण्याच्या मातीतली, खरं तर दगडातली आहेत. शहर काळ्या बेसॉल्टवर बसलंय. बिल्डिंगचा पाया घ्यायचा तर बकेट काढून ब्रेकर लावावा लागतो. रॉड पुरता बाहेर किंवा पुरता आत असताना ब्रेकर चालवू नये, असं यंत्रांची पुस्तकं बजावतात. कारण टोकाशी पिस्टन थेट झाकणावर आपटतो. पण खडक ऑपरेटरच्या सोयीने कुठे सापडतो? वाघोली-मोशीच्या खाणींची भुकटी रॉडला चिकटते, आत जाताना वायपर सीलने ती पुसायची असते. तो फाटला की पॉलिश पेपर आतच गेला समजा. आणि मग पाऊस. चार महिने काम बंद, मशीन हात पसरून उभं, रॉड उघडा. क्रोमचा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचा, त्यातल्या सूक्ष्म भेगांतून पाणी शिरतं आणि खाली गंजाचे दाणे फुटतात. दिवाळीच्या सुमारास पहिल्यांदा लिव्हर ओढला की ते दाणे करवतीसारखे सीलवरून जातात. उभं करताना रॉड आत घ्यावेत, जे उघडे राहतील त्यांना ग्रीस फासावं, इतकंच करायचं असतं.

टेबलावर घेतलेला सिलिंडर उघडणं ही या कामातली सगळ्यात सावकाश गोष्ट. आधी तेलाचे दोन्ही पोर्ट मोकळे. मग ग्लँड. पोकलेनमध्ये तो बहुधा ॲलन बोल्टांनी बसवलेला असतो, जेसीबीत त्याला आटे असतात. गंजलेल्या आट्यांवर रात्रभर तेल सोडून ठेवतात. सकाळी बॅरलला बाहेरून गोल फिरवत थोडी आच, मग ग्लँडच्या खाचेत लांब दांड्याचा पाना. करकर आवाज येत सुटला तर आटे वाचण्याची आशा. सुरुवातीलाच ठक्क झालं की मिस्त्रीचं तोंड उतरतं. आच मात्र पोर्ट उघडे असतील तरच. तेल कोंडलेल्या सिलिंडरला गॅसकटर दाखवणं म्हणजे बॉम्बला काडी लावणं.

रॉड पिस्टनसकट बाहेर ओढायचा कसा, यावरून कारागीर ओळखावा. अडाणी उपाय दोन. एक, साखळी बांधून दुसऱ्या मशीनने खेचायचं. दुसरा त्याहून वाईट, कॉम्प्रेसरची हवा मारायची. हवा दबते, दबून ताकद साठवते, आणि पिस्टन सुटला की रॉड तोफगोळ्यासारखा निघतो. तेल जवळपास दबतच नाही. म्हणून जाणता माणूस मागच्या बाजूला तेल पूर्ण भरतो, हवा काढतो आणि हातपंप जोडतो. फक्त १०० बार झाले तरी पिस्टनवर साडेअकरा टन पडतात. आणि पिस्टन हलला की दाब तिथल्या तिथे उतरतो. हातपंपाचा दांडा एकदा दाबला की दहा-बारा सीसी तेल जातं, त्याने पिस्टन सरकतो जेमतेम एक मिलिमीटर. अर्ध्या मीटरला पाचशे वेळा दाबायचं. हेल्पर दाबत राहतो, मिस्त्री बॅरलवर तळहात ठेवून उभा. कुठे घासतंय ते त्याला आधी हाताला कळतं.

हात मात्र फक्त बॅरलवर. दाबाखालच्या होजला सुईएवढं भोक असेल तर तिथे हात फिरवायचा नाही, पुठ्ठा फिरवायचा. बारीक फवारा कातडी फोडून आत शिरतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण ताबडतोब शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जातं, कधी हातही.

पिस्टन बाहेर आला की टॉर्च लावून बोअर बघायचा. वरवरचे ओरखडे होनिंगने निघतात. दगडाच्या कांड्या फिरतात, मागे तिरप्या जाळीच्या रेघा उरतात, आणि त्या हव्याच असतात. तेल त्यांच्यातच टिकतं. आरशासारखा गुळगुळीत बोअर सीलला कोरडा पाडतो. वाकलेला रॉड व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजखाली फिरवतात. काटा थोडा हलला तर प्रेसवर सरळ होतो. जास्त वाकला असेल तर जुना कान कापून नव्या क्रोम बारला वेल्ड करायचा. सरळ केलेला रॉड पुन्हा त्याच जागी वाकतो की नाही यावर दोन मिस्त्र्यांचं कधीच एकमत होत नाही. मला स्वतःला नव्या बारवाल्यांचं पटतं, पण हप्ते थकलेल्या मालकापुढे ते बोलणं सोपं नाही. मशीन तासावर भाड्याने जातं, त्यामुळे उभा राहिलेला प्रत्येक तास त्याला दिसत असतो.

सीलं बसवताना स्क्रूड्रायव्हर दिसला की समजावं, पुन्हा भेट होणार. आट्यांच्या धारेवरून सील नेताना वर पातळ पत्र्याची टोपी घालतात, सीलला तेल लावतात, टेफ्लॉनच्या रिंगा गरम तेलात मऊ करतात.

मशीनवर चढवल्यावरही ऑपरेटरला लगेच लिव्हर देत नाहीत. आत अडकलेली हवा झटक्यात दाबली तर ती इतकी तापते की डिझेल इंजिनात व्हावं तसं तेलाचं वाफाळलेलं मिश्रण पेट घेतं आणि नवं सील पहिल्याच मिनिटात काळं पडतं. म्हणून इंजिन मंद, रॉड सावकाश बाहेर, सावकाश आत, टोकाला न टेकवता, पुन्हा पुन्हा. मग बकेट भरून बूम वर, इंजिन बंद, खाली कुणी उभं नाही. ग्लँडपासून बोटभर अंतरावर रॉडला खडूची रेघ. मिस्त्री घड्याळ बघतो, हेल्पर चहा आणायला जातो. दहा मिनिटांनी रेघ आणि ग्लँड यांच्यात पट्टी धरायची. बोटभर अंतर तेवढंच राहिलं असेल तर छोट्या हत्तीची लाल चिंधी रॉड पुसायला घ्यायची.