जुनं टेडी: धुण्याआधी वाळवण्याचा विचार

दाभोळसारख्या खाडीकाठच्या गावात कुणाकडून आलेलं जुनं टेडी कसं धुवायचं, यापेक्षा ते पोटापर्यंत वाळेल का, हा प्रश्न मोठा आहे. तिथे वाशिष्ठी नदीच्या मुखाशी हवा दमट. धुळीतले माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव, पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषूनच जगतात, आणि ओलसर राहिलेल्या भरणीत बुरशी धरते. म्हणून पावसाळ्यात हाती आलेलं खेळणं भिजवूच नये. त्याऐवजी, फ्रीझर उणे १८ अंशांपर्यंत जात असेल, तर पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस आत ठेवावं. मग नंतर धुवायचं कशाला, असं कुणी विचारेल. थंडीने माइट्स मरतात, पण शिंका आणणारी त्यांची विष्ठा कापडातच राहते. ती बरीचशी धुण्यानेच निघते. नुसतं ऊन दाखवूनही ती जात नाही.

तेव्हा पावसाळा सरला, की लेबलवर चालत असेल तर ६० अंशांच्या पाण्यात धुवावं, न पिळता टॉवेलमध्ये दाबावं आणि वारा-उन्हात उलटंपालटं करत वाळवावं. शिवणीपाशी बोट रुतवल्यावर गार लागलं, तर आत अजून ओल आहे. बटणाचे डोळे आधीच ओढून पाहावेत. सुटलेला डोळा तीन वर्षांखालचं मूल तोंडात घालतं आणि तो घशात अडकू शकतो. म्हणून बटणं काढून टाकून तिथे दोऱ्याने डोळे भरावेत.