मायक्रोकंट्रोलर विकास बोर्डाची निवड

मायक्रोकंट्रोलर विकास बोर्ड (सूक्ष्मनियंत्रक फलक) म्हणजे मायक्रोकंट्रोलर चिप, तिला लागणारा विद्युतपुरवठा आणि यूएसबी जोडणी एकत्र बसवलेला तयार फलक होय. संगणकावर लिहिलेला प्रोग्रॅम केबलद्वारे चिपमध्ये भरता येतो. त्यामुळे छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांची सुरुवात बहुधा अशा बोर्डापासून होते.

प्रचलित बोर्ड

आर्डुइनो प्रकल्प २००५ मध्ये इटलीतील इव्हरेआ येथे सुरू झाला. त्याचा ऊनो हा बोर्ड २०१० मध्ये आला. मूळ ऊनोमधील ८-बिट एटीमेगा३२८पी चिपचा वेग १६ मेगाहर्ट्झ, फ्लॅश स्मृती ३२ किलोबाइट आणि रॅम अवघी २ किलोबाइट आहे. आकडे तोकडे असले तरी ५ व्होल्टवर चालणारा हा बोर्ड नवशिक्यांच्या चुका बऱ्याच अंशी सहन करतो. सॉकेट असलेल्या आवृत्तीत जळालेली चिप तेवढी बदलता येते. ईएसपी३२ (२०१६) मध्ये वाय-फाय व ब्लूटूथ अंगभूत आहेत. रास्पबेरी पाय पिको (२०२१) मध्ये दोन गाभ्यांची चिप व २६४ किलोबाइट रॅम असून तो मायक्रोपायथनमध्ये शिकणाऱ्यांना सोयीचा आहे.

ईएसपी३२ व पिको यांच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टवर चालणाऱ्या एचसी-एसआर०४ या अंतरमापक संवेदकाचा संदेश त्यांना थेट जोडल्यास चिप निकामी होऊ शकते. मध्ये १ व २ किलोओहमच्या रोधकांचा विभाजक लावावा लागतो. मोटार तर कोणत्याच बोर्डाच्या पिनेवर थेट चालवू नये.

उपयोगानुसार निवड

त्र्यंबकेश्वरसारख्या भरपूर पावसाच्या डोंगराळ भागासाठी पर्जन्यमापक बनवायचा झाल्यास निवडीचे निकष स्पष्ट होतात. कलत्या पात्राच्या पर्जन्यमापकात ठरावीक पाणी साचले की पात्र कलते आणि चुंबकामुळे रीड स्विच क्षणभर मिटतो. हे ठोके मोजण्यास ऊनो पुरेसा आहे. अडचण विजेची आहे. ऊनो सतत सुमारे ५० मिलिअँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी जेमतेम ४० तास पुरेल. ईएसपी३२ गाढ निद्रावस्थेत ठेवून प्रत्येक ठोक्याला जागा करता येतो. मात्र वाय-फाय वापरताना त्याला काहीशे मिलिअँपिअर लागू शकतात आणि काही बोर्डांवरील दिवा व व्होल्टेज नियंत्रक निद्रेतही वीज खातात. वाय-फाय नसलेल्या ठिकाणी नोंदी मेमरी कार्डावर ठेवणे अधिक व्यवहार्य ठरते.

महाराष्ट्रातील वापर

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब सुरू झाली. ग्रामीण गरजांसाठी उपकरणे स्वतः घडवण्याचे ते राज्यातील एक जुने केंद्र आहे. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र प्रकल्पातील फायरबर्ड ५ हा यंत्रमानव आर्डुइनो मेगाप्रमाणेच एटीमेगा२५६० चिपवर चालतो.

खरेदी

ऊनोचा आराखडा खुला असल्याने त्याच्या स्वस्त प्रतिकृती कायदेशीररीत्या विकल्या जातात. त्यांतील अनेकांवर यूएसबीसाठी सीएच३४० ही चिप असते. तिचे ड्रायव्हर संगणकावर नसल्यास बोर्ड ओळखला जात नाही व तो बिघडल्याचा गैरसमज होतो. केवळ चार्जिंगपुरत्या केबलनेही हाच अनुभव येतो.