झिजलेला अंगठा

गेल्या महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी दादाला खुर्चीसकट आंबोली घाट उतरवून नेलं. यंत्राने त्याचा अंगठा चार वेळा नाकारला. पस्तीस वर्षं चाकांची कड रेटून तळवे गुळगुळीत झालेत. "बघ गे, ह्या हातार रेषाच रवल्यो नाय," दादा म्हणाला. खिडकीतल्या माणसाने वर न बघता पुढचा नंबर पुकारला. तेव्हापासून मागचं सगळं वर येतंय.

1 मे 1981 ला सिंधुदुर्ग जिल्हा झाला. संयुक्त राष्ट्रांचं अपंग वर्षही तेच. आंबोलीपर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. अपंग माणूस माजघरात असायचा आणि पाहुणे आले की दार ओढून घेतलं जायचं.

घाटावर कोल्हापुरात मात्र 1984 साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी राहिली. ती काढणाऱ्या नसीमा हुरजूक स्वतः सोळाव्या वर्षापासून चाकाच्या खुर्चीवर. अपंगांसाठी काय हवं ते अपंगच ठरवतील, हे आम्हाला तिथून कळलं.

दादा 1991 च्या मे महिन्यात फणसावरून पडला. मणका गेला, कमरेखालचा भाग गेला. इस्पितळात सांगितलं, "घरी न्या, सेवा करा." त्याला वारंवार कुशीवर वळवायला हवं, हे एकानेही सांगितलं नाही. पहिल्याच पावसाळ्यात पाठीला मूठभर जखम झाली. आंबोलीचा पाऊस सातशे सेंटिमीटरच्या घरातला. जुलैत चादर वाळत नाही. आई ती चुलीच्या उबेवर धरून बसायची, रात्र रात्र. आरशात आपली पाठ आपणच रोज तपासायची, हातांवर जोर देऊन दर थोड्या वेळाने अंग उचलायचं, हे पुढे कोल्हापुरात दादाला शिकवलं ते खुर्चीवरच्याच एका माणसाने. जखम भरायला आठ महिने लागले. त्या इस्पितळावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

दादा पडल्यानंतरची पहिली दहा वर्षं कष्टाची होती, पण तेव्हा माणसं घरी यायची. कोल्हापूरहून पत्रं यायची. मास्तर दादाला हिशेब शिकवायला संध्याकाळी ओसरीवर बसायचे.

कायद्यांची वर्षं भराभर सांगते. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि सरकारी नोकऱ्यांत 3 टक्के जागा. 2016 च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले, जागा 4 टक्के. अलीकडे महिन्याचं अनुदान 1,500 चं 2,500 झालं. पैसे लागतातच. पण अठरा वर्षं पूर्ण झाली, शाळा सुटली, की पुढे दिवसभर जायचं कुठे, याचं उत्तर आंबोलीत आजही नाही.

उत्तर एकदा आमच्याच जिल्ह्यात आलं होतं. हेल्पर्सने कुडाळ तालुक्यात मोरे गावी 'स्वप्ननगरी' उभारली, अपंगांच्या हाताला काजूप्रक्रियेचं काम दिलं. काजूगर सोलणं हे बसून करायचं काम. बोटं शाबूत असली की झालं. दादाला जायचं होतं. त्याने पिशवीसुद्धा भरली होती. आम्हीच नको म्हटलं. तिथे त्याला कोण बघेल, असं आई म्हणाली आणि मीही तिचीच री ओढली. त्याला बघायला कुणी नको होतं, त्याला काम हवं होतं. पुढे नसीमादीदींनी 'साहस' ही नवी संस्था काढली. ती बातमी दादाने मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवली आणि पेपर घडी घालून उशाखाली ठेवला.

सोमवारी पुन्हा बोलावलंय. या वेळी डोळे तपासून बघतो म्हणालेत. पायऱ्या चार आहेत, उतार नाही. शेजारच्या दोन पोरांना सकाळच्या गाडीला यायला सांगून ठेवलंय.