द्वैध व्यवसायशिक्षण : जर्मन पद्धतीचे स्वरूप व मर्यादा

शालेय शिक्षण संपविणाऱ्या तरुणाने पुढे वर्गात शिकावे की कारखान्यात, या प्रश्नास जर्मनीने 'दोन्हीकडे' असे उत्तर दिले आहे. तेथील शिकाऊ उमेदवार आठवड्यातील तीन-चार दिवस उद्योगसंस्थेत काम शिकतो व एक-दोन दिवस व्यवसायशाळेत जातो. व्यवसायपरत्वे हा काळ दोन ते साडेतीन वर्षांचा असतो. १९६९ च्या व्यवसायशिक्षण कायद्याने या पद्धतीस देशव्यापी चौकट दिली.

तिची मुळे मात्र जुनी आहेत. कारागीरसंघांच्या उमेदवारीत हाताला कसब येई. परंतु शिकणे बहुतांशी उस्तादाच्या मर्जीवर अवलंबून असे. १८९५ मध्ये म्युनिकच्या शाळाखात्याचे प्रमुख झालेले गेओर्ग केर्शेनस्टाइनर यांनी तेथील पूरक शाळांची व्यवसायवार पुनर्रचना केली. व्यवसायाच्या द्वारेच सुजाण नागरिक घडवावा, अशी त्यांची भूमिका होती. आजही व्यवसायशाळेत धंद्याच्या शास्त्राबरोबर भाषा व नागरिकशास्त्र शिकविले जाते, ते याच परंपरेस धरून होय.

या पद्धतीचे मर्म अधिकारांच्या विभागणीत आहे. मालक व उमेदवार यांच्यात लेखी करार होतो व उमेदवारास विद्यावेतन मिळते. कामाच्या जागी काय शिकवावे हे संघराज्याचे नियम ठरवितात. शाळा घटकराज्यांच्या अखत्यारीत असतात. अंतिम परीक्षा उद्योगमंडळे व कारागीरमंडळे घेतात. परीक्षक समितीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसंख्य असतात आणि व्यवसायशाळेचा शिक्षकही असतो. तात्पर्य, ज्याने शिकविले त्या एकट्याच्या हाती प्रमाणपत्र राहत नाही. म्हणूनच ते देशभर ग्राह्य ठरते आणि उमेदवार एकाच मालकाशी जखडला जात नाही.

तथापि या पद्धतीचे दोषही तिच्या रचनेतूनच उद्भवतात. जागा मालकांनी देऊ केल्या तरच मिळतात. सबब मंदीच्या काळात शिक्षणाची संधीच आक्रसते. शिवाय बहुतेक घटकराज्यांत चौथ्या इयत्तेनंतरच मुलांचे शालेय मार्ग वेगळे होत असल्याने सामाजिक विषमतेस खतपाणी मिळते, असा आक्षेप घेतला जातो.

भारताच्या १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमातही प्रत्यक्ष कामास तात्त्विक शिक्षणाची जोड दिलेली आहे. त्यामुळे उभय पद्धतींची तुलना करताना केवळ उमेदवारांची संख्या मोजणे पुरेसे नाही. शाळेचा दिवस कामाच्या निकडीपासून कितपत सुरक्षित आहे आणि परीक्षा कोणाच्या हाती आहे, हे दोन प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारले पाहिजेत. उमेदवारी हे शिक्षण आहे की स्वस्त मजुरी, याचा निर्णय त्यांच्या उत्तरांवरच अवलंबून आहे.